गोधडी मावशींनी दिली होती

त्या दिवशी मी खोटं बोलले नाही. एक खरं वाक्य बोलले आणि त्याच्या पुढचं बोलले नाही. त्याला आता सात वर्षं होऊन गेली.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. मी आशा आहे, आरोग्य खात्याची गावातली सेविका. अंजनगाव सुर्जीच्या पलीकडे आमचं गाव. माहेर तेच, सासरही तेच, मधे एक नाला. गावात कोणाकडे बाळंतपण झालं की ठरलेल्या दिवशी त्या घरी जायचं. हात धुवायचे, बाळाला झोळीत घालून वजन करायचं, काखेत थर्मामीटर लावायचं, तळपायाला हात लावून पाहायचा आणि रजिस्टरात लिहायचं. पहिल्या प्रशिक्षणापासून एक गोष्ट आमच्या डोक्यात बसवलेली आहे, की नवं बाळ थंड पडू द्यायचं नाही. टोपडं, मोजे, अंगभर कपडे. त्यातूनही पाय गार लागले तर बाळाचे कपडे काढून त्याला आईच्या उघड्या उरावर ठेवायचं आणि वरून पांघरूण घालायचं. याला कांगारू म्हणतात. गावात एक जुळं झालं होतं, दोघं मिळून तीन किलो भरतील एवढीच. एक आईच्या उरावर आणि एक आजीच्या उरावर ठेवून ती मी जगवली. तेव्हापासून बाया मला लांबून पाहिलं की म्हणायच्या, "आली वं कांगारूबाई, झाका आपापले पोट्टे." मी वरवर रागवायचे. मला ते नाव आवडायचं.

माझ्या धाकट्या भावाचा पानमळा आहे. त्याची बायको नांदगाव खंडेश्वरची. तिला वडील नाहीत. आई एकटीच अर्ध्या एकरात भाजी लावते आणि बाजारात नेऊन विकते. त्यांना मी मावशी म्हणते. पहिलं बाळंतपण म्हणून भावजय माहेरी गेली होती. कळा सुरू झाल्यावर मावशींनी तिला अमरावतीला एका नर्सिंग होममध्ये नेलं, आणि सकाळी भाऊ आणि मी तिथे पोचलो. मे महिना होता.

मुलगी झाली. ती रडली नाही. आत बरीच धावपळ झाली, मग एक बारीक आवाज आला, तो रडण्याचा नव्हता. थोड्या वेळानं बाळाचे डॉक्टर बाहेर आले. त्यांनी आम्हाला भिंतीशी घेऊन सरळ सांगितलं. नाळ गळ्याभोवती आवळली होती. मेंदूला ऑक्सिजन कमी पडला. जे व्हायचं त्यातलं थोडं झालं आहे, पण मेंदूची इजा पुढच्या काही तासांत वाढत जाते. ती वाढू नये म्हणून बाळाला थंड करून ठेवतात. मशीनच्या गादीवर, तीन दिवस. हे जन्मापासून सहा तासांच्या आत सुरू व्हायला पाहिजे. आमच्याकडे ती सोय नाही, अमरावतीत आज बेड मिळत नाही, अकोल्याला एका ठिकाणी मिळतो आहे.

"अन् वाटेत बाळाला गुंडाळायचं नाही," ते म्हणाले. "फक्त लंगोट. गाडीचा एसी चालू. हाताला गार लागेल, लागू द्या. आपल्याला तेच पाहिजे."

भाऊ म्हणाला, "म्हंजे पानावानी. खुडल्यावर आमी वल्ल्या गोणपाटात ठेवतो, नाही त काळं पडते."

डॉक्टर म्हणाले, "हो. तसंच समजा."

सातवी शिकलेल्या माझ्या भावाला ते एका वाक्यात समजलं. मीही मान हलवली. मी ऐकलं होतं, शब्दन् शब्द. पण माझ्या मनात असं बसलं की थंड करायचं ते अकोल्याच्या लोकांनी, त्यांच्या मशीनवर, त्यांच्या पद्धतीनं. वाटेतलं बाळ माझ्या ताब्यात आहे आणि ते मी माझ्या पद्धतीनं जपायचं.

निघताना पायऱ्यांवर मावशींनी माझ्या हातात एक गोधडी दिली. नातवंडासाठी त्यांनी आपल्या जुन्या लुगड्यांची शिवलेली, चार बोटांवर टाका. "वाटेनं वारं लागंन लेकराले," त्या म्हणाल्या. "गुंडाळजो वं माय." डॉक्टर बोलले तेव्हा त्या आत मुलीपाशी होत्या. त्यांनी ते ऐकलंच नव्हतं. मी गोधडी घेतली आणि माझ्या बॅगेत ठेवली.

ॲम्ब्युलन्समध्ये भाऊ पुढे ड्रायव्हरजवळ बसला. मागे बाळ, मी आणि नर्सिंग होमचा एक पन्नाशीतला माणूस, ऑक्सिजनकडे पाहायला. त्यानं माझ्या बॅगेवरची अक्षरं वाचली.

"आशा हाय का तुमी?"

"हो."

"मंग बरं झालं. बाटलीचं मी पाहतो, लेकराचं तुमी पाहा."

बडनेरा गेलं तेव्हा मी तिच्या तळपायाला हात लावला. गार. बाहेर लोखंडाला हात लावला तर पोळेल असं ऊन आणि हे पाय हिवाळ्यातल्या लोट्यासारखे. अंग सैल होतं. ओठांचा रंग मला बरा दिसत नव्हता. मूर्तिजापूरच्या अलीकडे मी थर्मामीटर काढून काखेत लावलं. चौऱ्याण्णव. आमच्या तक्त्यात सत्त्याण्णवच्या खाली आकडा गेला की काय करायचं ते लिहिलेलं आहे. मी ते पाठ म्हणून दाखवू शकते, तेव्हाही आणि आताही.

"एसी बंद करा," मी म्हटलं.

"डॉक्टरसायबानं चालू ठेवा म्हटलं ना, ताई."

"मी सांगते ना. लेकरू थंडं पडून राहिलं."

आमच्याकडे माणूस थंडं पडलं म्हणजे मेलं. त्या शब्दावर त्यानं मागच्या बाजूचं एसीचं बटण बंद केलं. मी त्याच्याकडे पाठ केली, ब्लाऊजची हुकं काढली, मुलीला उरावर घेतलं. वरून पदर. पदर पातळ वाटला म्हणून बॅगेतली गोधडी काढून वरून घेतली. बोरगाव मंजू मागे पडून अकोल्याची वस्ती दिसायला लागेपर्यंत ती माझ्या उरावर होती. पाऊण तास.

यातलं एक मी कोणालाच सांगितलेलं नाही. तो पाऊण तास मी खूश होते. तिचे गाल लालसर झाले. पायांना ऊब आली. एकदा तिची मूठ माझ्या कातडीवर हलली. मला वाटलं, जमलं. मला वाटलं, डॉक्टर काहीही म्हणोत, लेकराला काय लागतं ते मला कळतं.

अकोल्याला दवाखान्याच्या दारात मी तिला उरावरून काढून स्ट्रेचरवर ठेवलं, गोधडीत गुंडाळूनच, कारण हुकं लावायची घाई होती. आतल्या सिस्टरनं गोधडी उघडली, हात लावला आणि थर्मामीटर लावलं. "एकशे एक," ती आत ओरडली. एक डॉक्टर आल्या, तरुण होत्या. त्यांनी अमरावतीची चिठ्ठी वाचली, मग बाळाकडे पाहिलं.

"चिठ्ठीत तर लिहिलंय की गुंडाळू नका. गुंडाळलं कोणी?"

ऑक्सिजनवाला माणूस बाटली उतरवायला बाहेर गेला होता. भाऊ पुढच्या दारानं धावत आला होता, त्यानं मागचं काही पाहिलं नव्हतं. त्याची नजर गोधडीवर गेली.

"हे कोणाची?"

"मावशींनी देल्ली होती," मी म्हटलं.

एवढंच. वाक्य खरं होतं. भावाचा चेहरा बदलला ते मी पाहिलं, त्याला काय वाटलं तेही मला कळलं: निघताना मावशींनीच गुंडाळून दिलं. पुढचं वाक्य बोलायला मला तेव्हा एक क्षण होता, आणि नंतर सात वर्षं होती.

सहा तासांच्या आत त्यांनी मुलीला गादीवर घेतलं. तीन दिवस. काचेतून दिसायचं. अंगावर काही नाही, फक्त लंगोट आणि नळ्या, पोटात जाणारी बारीक तार आणि पडद्यावर आकडा. तेहतीस, त्याच्या आसपास, सेल्सिअसमधला. सिस्टर सांगायची, हात लावू नका, तिला हलवायचं नाही. मी बाकावर बसून तो आकडा पाहायचे. मला रडू आलं नाही. भूक लागायची, मी जेवायचे. कॅन्टीनमध्ये वरण पातळ असतं असं मी भावाला म्हटल्याचंही आठवतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावाहून आमचे दोन काका आले. आदल्या दिवशी मी घरी फोन केला होता आणि सांगितलं होतं, लेकरू थंडं केलं आहे, तीन दिवस थंडंच ठेवणार. फोन तुटत होता. तिकडे पोचलं ते एवढंच की लेकरू थंडं झालं. लहान बाळाला आमच्याकडे पुरतात, आणि पुरताना मीठ लागतं. काकांनी येताना मिठाची पिशवी आणि कोरं कापड आणलं होतं.

"कुठी हाय?" मोठे काका हळूच म्हणाले.

"आत. मशीनवर."

"मशीनवर कायले? थंडं झालं म्हने ना?"

"थंडं झालं नाही, काका. थंडं केलं."

"कोनं?"

"डॉक्टरनं."

काका काचेशी गेले, बराच वेळ पाहिलं आणि परत आले. "श्वास चालू हाय तिचा," ते धाकट्या काकांना म्हणाले. "मंग आता ह्या मिठाचं काय करू?"

धाकटे काका म्हणाले, "ठेव खाली. हातात धरून नोको उभा राहू दवाखान्यात."

ती पिशवी दोन दिवस आमच्या बाकाखाली होती. नंतर भावानं ती घरी नेली. त्या वर्षी कैऱ्यांच्या लोणच्यात तेच मीठ पडलं असेल. कोणी विचारलं नाही, मीही नाही.

चौथ्या दिवशी त्यांनी तिला हळूहळू गरम केलं, तासाला अर्धा अंश. मग तिला झटके आले. भाऊ बायकोला पाहायला अमरावतीला गेला, मी बरोबर होते. नर्सिंग होमच्या पायऱ्यांवर मावशी डबा घेऊन उभ्या होत्या. भाऊ दोन पायऱ्या खालीच थांबला.

"डॉक्टरनं गुंडाळू नोका म्हटलं होतं," तो म्हणाला. "तुमच्या गोधडीनं केलं हे."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी डब्याकडे पाहत होते.

"म्याच देल्ली बाप्पा," त्या म्हणाल्या. "मले काय मालूम."

त्या दिवसापासून ते ठरलं. एकवीस दिवसांनी मुलगी घरी आली. ती मान धरत नाही हे आधी मला समजलं, कारण ते पाहायचं माझं कामच होतं. पुढे बसत नाही, मग बोलत नाही. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, व्यायाम सांगितले, खुर्ची करून घ्यायला सांगितली. मावशी पहिल्या वर्षी दोनदा आल्या. भाऊ त्या आल्या की मळ्यात निघून जायचा. मुलीला त्यांच्या मांडीवर कोणी दिलं नाही आणि त्यांनी मागितलं नाही. मग त्या यायच्या थांबल्या. एसटीच्या ड्रायव्हरजवळ भाजी पाठवायच्या. भावजय पिशवी उतरवून घ्यायची आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवायची.

मी रोज जायचे. मुलीला मालिश करायचे, तिच्या तोंडाला चमचा लावायचे. लोक म्हणायचे, आत्या असावी तर अशी. मी हे ऐकून घ्यायचे.

एकदा तपासणीला मी एकटी तिला घेऊन अकोल्याला गेले होते. तेव्हा डॉक्टरांना विचारलं, वाटेत बाळ गरम झालं असेल तर किती फरक पडतो. माझं नाव न घेता विचारलं. ते म्हणाले, चांगलं नाही, त्यानं इजा वाढू शकते. मग म्हणाले, पण जन्मताना किती झाली होती ते कोणालाच माहीत नाही. थंड राहिली असती तर चालली असती असं मी म्हणू शकत नाही. चालली नसती असंही म्हणू शकत नाही. थंड करूनही काही मुलं अशीच राहतात. मी विचारलं, मग कळणार कसं? ते म्हणाले, कळणार नाही. आणि मुलीचं वजन लिहायला लागले.

मधे आमचं एक प्रशिक्षण झालं, अमरावतीला. तिथे सांगितलं की जन्मल्यावर न रडलेलं बाळ मोठ्या दवाखान्यात पाठवताना त्याला जास्त गरम करू नका, डॉक्टर सांगतील तसं ठेवा. मी वहीत लिहून घेतलं. जेवणाच्या सुट्टीनंतर मॅडम म्हणाल्या, आता कांगारू कसं बांधायचं ते तुमच्यातल्या एक जुन्या ताई करून दाखवतील. मला पुढे बोलावलं. मी प्लॅस्टिकची बाहुली उरावर घेतली आणि बांधून दाखवलं. टाळ्या झाल्या.

गेल्या वर्षी भावजयीला पुन्हा दिवस गेले. सात वर्षांनी. तिसरा महिना लागल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं, बाळंतपणाला आईला इकडे बोलावू का? मी तिथेच मुलीचे केस विंचरत होते.

"तिच्या हातात लेकरू देत नसतो मी," भाऊ म्हणाला.

"आईच हाय ना माही."

"म्हून त सांगून राहिलो. ताई हाय ना अथी. तिले समजते सगळं."

भावजयीनं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्याकडून काहीतरी मदत होईल असं पाहिलं. मी मुलीची वेणी घातली, रबर लावलं आणि घरी गेले. बरेच दिवस मी काही केलं नाही. ते दिवस कसे गेले याचं सांगण्यासारखं काही नाही. मी रजिस्टर भरत होते, पोलिओची यादी करत होते.

मग एका सकाळी मी कपाटातून गोधडी काढली. अकोल्याच्या दवाखान्यानं ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून परत दिली होती. भावानं मला फेकून द्यायला सांगितली होती, मी फेकली नव्हती. ती घेऊन मी वलगावमार्गे अमरावतीला गेले आणि तिथून नांदगावला.

मावशी ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होत्या. म्हाताऱ्या झाल्या होत्या.

"बस. पानी घे," त्या म्हणाल्या. "कोन्या गाडीनं आली? पोरगी बरी हाय का?"

"बरी आहे. मावशी, मला एक सांगायचं आहे."

मी सगळं सांगितलं. थर्मामीटर, एसी, हुकं, गोधडी, सिस्टरचा आवाज. त्या जुड्या बांधत राहिल्या. माझं बोलणं संपलं तेव्हा त्यांच्यापुढे अकरा-बारा जुड्या झाल्या होत्या.

"झालं सांगून?"

"हो."

"मंग गोधडी म्या देल्ली नाही का?"

"दिली. पण मी बॅगेत ठेवली होती. डॉक्टरचं मी ऐकलं होतं, तुम्ही नाही ऐकलं. काढली मी. ऊब माझ्या अंगाची होती."

"म्या देल्ली म्हून तू काढली."

"तसं नाही, मावशी."

"मले नोको सांगू कसं हाय ते," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "सात वर्षं म्या ते माहं म्हून वागवलं. भाजी खुडता खुडता, बाजारात बसल्या बसल्या. माह्या हातानं झालं, माह्या हातानं झालं. आता तू येऊन म्हनते तुहं हाय. मंग आता म्या काय करू त्याचं?"

खाली रस्त्यावरून कोणीतरी त्यांना मेथीचा भाव विचारला. त्यांनी सांगितला. तो माणूस गेल्यावर त्यांनी विचारलं, "काहून नाही बोलली वं तवा? भावाले भ्याली?"

"नाही."

"मंग?"

"लोक मला कांगारूबाई म्हणत होते," मी म्हटलं.

त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. "एवढंच?"

"एवढंच."

मी गोधडी काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उलगडली, टाक्यांवरून अंगठा फिरवला. एका कोपऱ्यात दोरा सुटला होता, तो दातानं तोडला. "पोरीच्या खुर्चीत टाकाले होईल," त्या म्हणाल्या. "घेऊन जाय. अन् मले सांगून काय होते? जिचं लेकरू हाय तिले सांग."

दुसऱ्या दिवशी दुपारी भावजय मुलीचा व्यायाम घेत होती. मुलीचे पाय ताठ असतात. ते गुडघ्यात वाकवायचे आणि सरळ करायचे, एकेक पाय वीस वेळा. भावजयीचं पोट दिसायला लागलं होतं, वाकताना त्रास व्हायचा, म्हणून मी पाय धरले होते. तसेच धरून मी सांगितलं.

ती मोजत होती. "नऊ... दहा." मग म्हणाली, "किती वेळ?"

"पाऊण तास."

"एसी?"

"मीच बंद करायला लावला."

"अकरा. बारा." ती वीसपर्यंत गेली. "दुसरा पाय धरा."

मी दुसरा पाय धरला. मुलगी आईच्या तोंडाकडे पाहून आवाज करत होती, तिला मोजणं आवडतं. दुसऱ्या पायाचे वीस झाल्यावर भावजयीनं तिचा फ्रॉक नीट केला.

"म्हंजे पयल्यांदा तुमीच उराशी धरली हिले," ती म्हणाली.

"हो."

"कशी होती?"

मला कळलं नाही ती काय विचारते आहे. मी म्हटलं, "हलकी होती. एकदा मूठ हलली तिची."

"मले एकविसाव्या दिवशी देल्ली," भावजय म्हणाली. "तवर मी फोटोच पाहत होती." ती उठली, भिंतीला धरून. "आईले फोन मी करतो. यांनाही मीच सांगतो. तुमी काही सांगू नोका. अन् ताई, बाळंतपणाले तुमी येऊ नोका."

मी म्हटलं, "बरं."

भाऊ दुसऱ्या दिवशी माझ्या दारात आला. आत आला नाही.

"खरं हाय?"

"हो."

"म्या पानावानी म्हटलं होतं. तू तथीच उभी होती."

"हो."

त्यानं चपलेनं ओट्याची माती उकरली. मग गेला. तेव्हापासून त्यानं मला हाक मारलेली नाही. मावशी आल्या त्या दिवशी तो एसटी स्टँडवर गेला होता. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पाहणारे म्हणाले, त्यानं त्यांची पिशवी घेतली आणि म्हणाला, चला.

जानेवारीत मुलगा झाला, अमरावतीलाच. तो रडला. तिसऱ्या दिवशी ते घरी आले. आणि तिसऱ्या दिवसाची भेट माझी होती. गाव माझ्याकडे आहे, दुसरी आशा नाही. मी आमच्यावरच्या गटप्रवर्तक मॅडमना विचारलं, या एका घरी कोणी दुसरं जाईल का? त्या म्हणाल्या, भावाच्या घरी जायला काय झालं?

मी बॅग घेऊन दारात उभी राहिले. थंडी होती. मुलगी अंगणात तिच्या खुर्चीत बसली होती, खाली गोधडी चौघडी करून घातलेली. मला पाहून तिनं हात उडवले. भाऊ उठून मागच्या दारानं गेला. आत भावजय खाटेवर होती आणि बाळ मावशींच्या मांडीवर.

"उभी काहून राहिली?" मावशी म्हणाल्या. "हात धू."

मी हात धुतले. पुसले. बाळाजवळ जायला लागले तशी भावजय म्हणाली, "थर्मामीटर इकडे द्या. आईच लावते."

मी दिलं. मावशींनी बाळाच्या काखेत ते लावलं, हात दाबून धरला, कसं धरायचं ते मी त्यांना सांगितलं नाही. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. आवाज झाल्यावर त्यांनी ते डोळ्यांशी नेलं, दिसेना, मग लेकीकडे दिलं.

"अठ्ठ्याण्णव," भावजय म्हणाली.

"पाय?" मी विचारलं. "गार आहेत का?"

मावशींनी मोजा काढला, तळपाय मुठीत धरला. थोडा वेळ धरून ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या. "गरम हाय."

मी रजिस्टर उघडलं. भेट तिसऱ्या दिवसाची, तापमान अठ्ठ्याण्णव, पाय गरम. शेवटच्या रकान्यात, तपासणारीचं नाव, तिथे मी माझी सही केली.